दुसरा ससा

माझी भाची सगळ्यांकडे जाते. दूधवाल्याकडे जाते, पाण्याचं मीटर बघायला येणाऱ्या माणसाकडे जाते, जिन्यात भेटलेल्या कुठल्याही अनोळखी बाईकडे दोन्ही हात पसरून झेपावते. माझ्याकडे मात्र येत नाही. मी दारात दिसले की आधी तिचा चेहरा ताणतो, मग खालचा ओठ बाहेर येतो आणि मग जो भोंगा सुरू होतो, तो मी जिना उतरून रस्त्याला लागेपर्यंत थांबत नाही. तेरा महिन्यांचं पोर, आणि मला पाण्यात पाहतं.

कागदोपत्री तिचं नाव चांगलं चार अक्षरी आहे, पण घरात तिला सगळे ढब्बू म्हणतात. तिला पाहिलंत तर तुम्हीही तेच म्हणाल. मनगटाला वळ्या, हनुवटीला वळ्या, आणि रांगण्याचा वेग असा की फरशी पुसायला वेगळं फडकं लागू नये. माझ्या एकुलत्या एका बहिणीची ही एकुलती एक मुलगी. मला स्वतःचं मूल नाही आणि त्याबद्दल मी उसासे टाकत बसणारी बाई नाही. पण ढब्बूने माझ्याकडे यावं असं मला वाटायचं. फार वाटायचं. उगाच आडपडदा कशाला ठेवू?

यातली खरी नामुष्की पुढेच आहे. मी खेळणी तपासते. हौस म्हणून नाही, पगार घेऊन. आमच्या प्रयोगशाळेत खेळणी बाजारात जायच्या आधी येतात आणि आम्ही त्यांचे जमतील तेवढे हाल करतो. एक वयस्कर गृहस्थ आहेत, ते दिवसभर खेळणी टेबलाच्या उंचीवरून खाली पाडतात, प्रत्येक पाच वेळा. त्यांना आम्ही पाडकाका म्हणतो. माझ्याकडे ओढणं आणि पिळणं. बाहुलीचे डोळे, अस्वलाचे कान, गाडीची चाकं, जे जे म्हणून पोर दाताने किंवा बोटाने उपटू शकेल ते मी यंत्राला लावून नऊ किलोच्या जोराने ओढते. निघालं, तर ते एका छोट्या तिरक्या तळाच्या नळकांड्यात टाकून बघायचं. नळकांडं लहान मुलाच्या घशाच्या अंदाजाने बनवलेलं असतं. त्यात जे पूर्ण मावलं, ते खेळणं तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात जाता कामा नये. त्यात वाद नाही की वाटाघाट नाही, आणि म्हणूनच मला हे काम आवडतं.

आमचा आणखी एक नियम आहे. तपासलेलं खेळणं पास झालं तरी पुन्हा खेळायला द्यायचं नाही. नऊ किलोने ओढलेली शिवण वरून धड दिसते, आतून मात्र कधी सैल झालेली असते. म्हणून तपासलेला नमुना लाल चिठ्ठी लावून भंगारात, आणि बाजारात जातो तो त्याचा न तपासलेला भाऊ.

ढब्बू जन्मली तेव्हा मी ठरवून टाकलं की तिच्यासाठी सगळं जोडीने घ्यायचं. एक तोडायला, एक द्यायला. दुकानदाराला वाटायचं, जुळी आहेत. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही, कारण तो जुळ्यांसाठी थोडी सूट द्यायचा.

बहिणीच्या घरात तर मी डोळ्यांत तेल घालूनच शिरायचे. तिच्या फ्रिजवर मी एक कागद चिकटवला होता. वीतभरापेक्षा लांब दोरी नको. रंगाचे पोपडे उडालेलं काही नको. आपटून बंद होणारं जड झाकण असलेली पेटी नको, उघडी टोपली ठेवा. चघळायच्या वस्तू रोज धुवा. सगळी खेळणी एकदम काढू नका, पाच बाहेर, बाकीची कपाटात, आठवड्याने बदला. बहिणीने त्या कागदाखाली पेनाने लिहिलं होतं, ‘मावशी नको’, आणि पुढे एक हसरा चेहरा काढला होता. तेव्हा मी हसले होते.

मग एका गुरुवारी दुपारी तिचा फोन आला.

“ताई, एक अडचण झालीय.”

“चाक निघालं?”

“चाक नाही गं! दर वेळी चाकच कसं निघेल? माझं ऐक.”

बहीण दातांच्या कवळ्या बनवते. मेणात दात बसवणं, घासणं, हिरड्यांच्या रंगाशी रंग जुळवणं, असलं नाजूक काम. तिच्या कार्यशाळेतला मुख्य कारागीर नोकरी सोडून गेला होता आणि मालकीणबाईंनी ती जागा तिला देऊ केली होती. अट एकच, सोमवारपासून पूर्ण वेळ हजर व्हायचं. नऊ वर्षं ती त्या जागेची वाट बघत होती. पण पाळणाघरात ढब्बूला जागा मिळणार होती ती दोन आठवड्यांनी, कारण तिथे रंगकाम चाललं होतं. सासूबाईंच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. नवऱ्याची सुट्टी बाळाच्या वेळीच संपून गेलेली.

“मी घेते रजा. दोन आठवडे. माझी पडूनच आहे,” मी म्हटलं.

ती हळूच म्हणाली, “ताई, ती तुझ्याकडे राहील का?”

मग तिने सांगितलं की मालकीणबाईंना रविवारी संध्याकाळी सहापर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे. नाही म्हटलं तर जागा दुसऱ्या मुलीला जाईल. “दिवसभर रडत ठेवून मी नाही जाणार ताई. मला जमणारच नाही ते. तू शनिवारी येऊन बघ. राहिली तर राहिली.”

नऊ वर्षं वाट बघितलेली जागा आता माझ्या तोंडावर अवलंबून होती, आणि माझं तोंड बघून तर पोर भोकाड पसरत होतं.

शनिवारी सकाळी मी नवा कोरा लाकडी खुळखुळा घेऊन गेले. दारातून आत पाऊल टाकलं. ढब्बू हॉलच्या मधोमध बसली होती. तिने मला पाहिलं आणि या वेळी ती लगेच रडली नाही. तिने आधी कापडी ससा काखेत मारला, मग रबरी कडं दातात धरलं, आणि तीन पायांवर रांगत सोफ्यामागे गेली. तिथे ते ठेवून परत आली. कापडी पुस्तक उचललं, सोफ्यामागे नेलं. ठोकळा नेला. दुसरा ठोकळा नेला. टोपली रिकामी झाल्यावर सोफ्याच्या कडेला पाठ लावून बसली, माझ्याकडे बघितलं, आणि मग भोंगा सुरू केला.

“हे नवीनच आहे,” बहिणीचा नवरा म्हणाला.

“चोर शिरल्यासारखं वागतेय ही!” मी म्हटलं.

“ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. या वयात मुलं अनोळखी माणसाला घाबरतात.”

“अनोळखी? मी आठवड्यातून दोनदा येते. मीटरवाला महिन्यातून एकदा येतो.”

तो स्वभावाने सज्जन आहे. वातावरण निवळावं म्हणून त्याने फोन काढला आणि ढब्बूचे जुने व्हिडिओ दाखवायला बसला. ढब्बू आंघोळीत. ढब्बूच्या नाकाला केळं. ढब्बू आणि नवा ससा, दोन महिन्यांपूर्वीचा. “हा बघा, ससा मिळाला तेव्हाचा. कसली खूश होती!” म्हणत त्याने तो लावला, आणि मी बघू लागले.

पुढे ढब्बू होती, सशाला मिठी मारून. हसता हसता तिची मान वळली. तिच्या मागे मी होते. फरशीवर बसलेली, दुसरा ससा गुडघ्यांत आवळून धरलेला. अगदी तसाच, राखाडी, गुलाबी कानांचा. मी त्याचा एक कान मुठीत धरून पिळत होते, आधी उजवीकडे, मग डावीकडे. मग पर्समधून ओढीचा जोर मोजायचा ताणकाटा काढला (इतर बायकांच्या पर्समध्ये आरसा असतो, माझ्या पर्समध्ये ताणकाटा), त्याचा आकडा कानाला अडकवला आणि ओठ घट्ट मिटून ओढू लागले. कान टिकला. मी डोळ्याकडे वळले. पुढे ढब्बूने आपल्या सशाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत आपल्या सशाकडे. आणि तिचा खालचा ओठ बाहेर आला. मी त्या सशाला लाल चिठ्ठी बांधली, पिशवीत कोंबला आणि पिशवीला गाठ मारली. इथे व्हिडिओ संपला.

बहीण खुदकन हसली. मग तिचा नवरा. मग मीही. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो आम्ही तिघं. करायला गेले एक आणि झालं भलतंच! खुळखुळ्यांची जोडी, कड्यांची जोडी, पुस्तकांची जोडी, ठोकळ्यांची जोडी, प्रत्येक वेळी मी तिच्यासमोर बसूनच हा कारभार उरकला होता. घरी नेऊन तपासायला मला धीर कुठला? पाकीट फोडायचं, एक तिच्या हातात द्यायचं, दुसरं तिथेच तपासायला घ्यायचं, एवढी घाई. तिला कुठे कळणार होतं की मी तिच्या सशाचा जीव वाचवण्यासाठीच त्याच्या भावाचा कान पिळतेय?

हसू ओसरलं तसं मला वाईट वाटायला लागलं. इतके महिने ते पोर मला घाबरत होतं आणि मी दोष त्यालाच देत होते.

“सोमवार कसा जमणार, ताई?” बहीण म्हणाली. आवाजात रुसवा नव्हता, म्हणून जास्तच लागलं. “मी आत्ताच नाही म्हणून कळवते. उगाच उद्यापर्यंत कशाला टांगून ठेवायचं त्यांना?”

“उद्या सहापर्यंत वेळ आहे ना? मग उद्या सहा.”

“आणि उद्या काय वेगळं होणार आहे?”

“ते मला माहीत नाही,” मी म्हटलं, आणि खुळखुळा तसाच पिशवीत घेऊन खाली उतरले.

जिन्यातच पाडकाकांना फोन लावला. चार नातवंडांचे आजोबा आहेत ते, आणि त्यातलं एकही त्यांना घाबरत नाही. सगळं ऐकून घेतल्यावर ते इतके हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

“अगं, तू चुकीच्या टेबलावर बसलीस,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“तिच्यासाठी तू कोण आहेस? बाहेरून आलेला माल. आणि बाहेरून आलेला माल आपण काय करतो?”

“तपासतो.”

“मग तिला तपासू दे की! तू तिच्या एकाही वस्तूला हात लावायचा नाहीस. बोलायचं नाही, बोलवायचं नाही, हसून गालगुच्चा घ्यायचा नाही. नमुना टेबलावर कसा बसतो? तसं बसायचं.”

“आणि तिने तपासलंच नाही तर?”

“तेरा महिन्यांचं पोर आणि तपासणार नाही? अगं, आपण पगारासाठी तपासतो. ती पोटतिडकीने तपासते.”

रविवारी दुपारी मी गेले ती मोकळ्या हाताने. पर्स, ताणकाटा, पिशवी सगळं घरी. दाराबाहेरच उभी राहून आधी स्वतःची तपासणी केली. कानातलं काढलं. केसांतली क्लिप काढली. गळ्यातली साखळी काढली. सदऱ्याचं वरचं बटण जरा ढिलं वाटलं, ते दोनदा ओढून पाहिलं आणि सरळ उपटून खिशात टाकलं. सुटे भाग शून्य. चष्मा ठेवला, कारण त्याशिवाय मला ढब्बू आणि उशी यांतला फरक कळत नाही.

आत गेले. ढब्बूने माल हलवायला सुरुवात केली. ससा, कडं, पुस्तक, ठोकळे. मी सतरंजीवर मांडी घालून बसले, हात मांडीवर, तोंड बंद. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी, तिचा नवरा खिडकीशी. दोघंही श्वास रोखून. ढब्बूने भोंगा सुरू केला. मी हलले नाही. भोंगा चढला, उतरला, मध्येच थांबून तिने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा थोडा वाजवून पाहिला. उत्तर येईना, तेव्हा तिला त्यात गंमत उरली नसावी.

बारा मिनिटं लागली. भिंतीवरच्या घड्याळात बघत होते, म्हणून सांगते. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. मग सोफ्याच्या कडेने एक डोळा दिसला. मग आख्खं डोकं. मग ती रांगत आली, हातभर अंतरावर थांबली, आणि एक बोट पुढे करून माझ्या गुडघ्यात खुपसलं. गुडघ्याने काही केलं नाही.

पुढचा अर्धा तास मला आयुष्यभर पुरेल. ती माझ्या खांद्याला धरून उभी राहिली आणि केसांची एक बट मुठीत घेऊन ओढली. नऊ किलो कसले, दहा तरी भरले असते. बट टिकली. तिने नाक धरलं आणि पिळलं, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, नियमात लिहिल्याप्रमाणे. नाकही टिकलं. मग हनुवटीला चावली. सहाच दात आहेत तिला, पण सगळे नवे कोरे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने बोटाने टिपून चाखून पाहिलं. मग तिची नजर चष्म्यावर गेली. तिने तो ओढला आणि खाली टाकला. मी उचलून डोळ्यांवर लावला. तिने पुन्हा टाकला. मी पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी तिच्या गालाची एक बाजू हलली. चौथ्या वेळी तोंड उघडलं. आणि पाचव्यांदा चष्मा फरशीवर आपटला तेव्हा ती हसली. माझ्याकडे बघून, माझ्यामुळे, खिदळून, स्वतःचा तोल जाऊन बदकन खाली बसेपर्यंत हसली. मीही हसले, कारण त्या वेळी नमुना म्हणून बसायचं मी साफ विसरले.

शेवटी माझा अंगठा धरून तिने तोंडात घालून पाहिला. मावला नाही.

मग ती वळली आणि सोफ्यामागे गेली. मला वाटलं, संपलं बहुतेक. पण ती ससा घेऊन आली, कानाला धरून फरपटत. तो तिने माझ्या मांडीवर टाकला. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. माझा काय भरवसा? जित्याची खोड आहे ही, शिवण दिसली की बोट आपोआप तिकडे जातं. ढब्बूने वाट पाहिली. मग ससा उचलून स्वतःच माझ्या गालावर दाबला. पुढे मला नीट दिसलं नाही, आणि या वेळी दोष चष्म्याचा नव्हता.

“ताई, तू रडतेयस?” बहीण म्हणाली.

“मग? तू काय करतेयस?”

ती ओढणीने डोळे पुसत आत गेली. चार वाजता तिने केळं कुस्करून आणलं, आणि ढब्बूने ते माझ्या हातून खाल्लं. थोडं तिने मला भरवलं, थोडं माझ्या कानात. पाच वाजेपर्यंत आमची ओळख इतकी वाढली की ती माझ्या पोटावर डोकं टेकून पुस्तकाची पानं उलटत होती. बहीण आता घरभर गाणं गुणगुणत फिरत होती. तिने सोमवारचे कपडे इस्त्रीला काढले. साडेपाचला फोन हातात घेऊन ती हॉलच्या दारात आली आणि म्हणाली, “मग करू फोन? सांगू हो म्हणून?”

“सांग की,” मी म्हटलं.

ती नंबर शोधू लागली. ढब्बू माझ्या पोटावरून उतरून टीव्हीच्या कपाटाखाली शिरली आणि तिथून एक पिवळं बदक ओढून आणलं. पोटाला दाबलं की गाणं म्हणणारं. शेजारच्यांनी दिलेलं, मी आधी न पाहिलेलं. तिने ते माझ्याकडे तोंड करून दाबलं. बदक गायलं. ती माझ्याकडे बघून हसली, बदक उलटं केलं आणि त्याचं बूड चघळायला तोंडात घातलं. बुडावर चिकटपट्टी होती. चघळून चघळून ओली झालेली, एक कोपरा सुटलेला. त्या कोपऱ्याखाली काहीतरी गोल चमकलं.

बटणाच्या आकाराची ती चपटी बॅटरी. ती पोटात गेली तर काय होतं ते मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, आणि ते मी इथे लिहिणार नाही. ती नळकांड्यात मावते की नाही हे बघायचीही गरज नसते.

मला सगळं कळत होतं. मी आत्ता हात घातला, तर दुपारपासून जमवलेलं सगळं मातीत जाणार. ती ज्या एका गोष्टीला घाबरते तीच मी करणार, तिच्या तोंडातून तिचं खेळणं काढून घेणार, आणि तेही तिची आई हो म्हणायला फोन लावत असताना. दुसरं काही पुढे करून भुलवावं म्हटलं तर मी मोकळ्या हाताने आलेली. तिचं नख चिकटपट्टीखाली गेलं होतं. एवढं लिहायला जितका वेळ लागला, त्याच्या दहाव्या हिश्श्यात हे सगळं डोक्यात येऊन गेलं आणि तोवर हात पुढे झालाही होता. मी बदक हिसकावलं. तिच्या तोंडात बोट फिरवून पाहिलं. काही नव्हतं. बॅटरी बदकातच होती, पट्टीला अर्धी चिकटून लोंबत.

“ह्याचा स्क्रू कुठंय?” मी ओरडले.

बहिणीच्या नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. “बॅटरी बदलली होती... स्क्रू सापडेना, म्हणून पट्टी लावली. नंतर बसवणार होतो.” त्याला बोलायला माझ्याकडे शंभर वाक्यं होती, पण त्याचा चेहरा पाहून मी एकही वापरलं नाही. बदक त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, “बॅटरी वेगळी काढा, पट्टीत गुंडाळा, पोरीच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.” तो जवळजवळ धावतच गेला.

मग मी ढब्बूकडे पाहिलं. तिचा चेहरा ताणला होता. खालचा ओठ बाहेर आला. आणि भोंगा सुरू झाला, आजवरचा सगळ्यांत मोठा. का नाही वाजणार? मावशीने पुन्हा तेच केलं होतं. दारातच बहीण फोन कानाला तसाच धरून खाली बसली आणि तिने एक हात पसरला. “ये, सोन्या, ये माझ्याकडे.” पलीकडे घंटी वाजत असलेली मला ऐकू येत होती. मी हात मांडीवर ठेवले आणि गप्प बसले. आता नमुन्यासारखं नाही, अपराध्यासारखं.

ढब्बूने आईकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. तोंड वासून, नाक गळत, डोळे गच्च मिटून ती रडत होती. आणि मग ती माझ्या अंगावर आली. गुडघ्यावर चढली, माझ्या सदऱ्याची कॉलर मुठीत धरली, तोंड माझ्या मानेत खुपसलं आणि तिथे रडायला लागली. दुसऱ्या मुठीने मला पाठीत बडवत होती. एकेक ठोसा मला कळत होता. रागावली होती ती माझ्यावर, चांगलीच रागावली होती, आणि तो राग काढायला तिला माझाच खांदा हवा होता.

मी तिला घट्ट धरलं. “मार,” मी तिच्या कानात म्हटलं, “आणखी मार गं माझे बाई.”

बहिणीचा पसरलेला हात हळूहळू खाली आला. ती आमच्याकडे बघतच राहिली. तेवढ्यात पलीकडून फोन उचलला गेला. मालकीणबाईंचा आवाज खणखणीत आहे, तो मलाही स्पष्ट ऐकू आला.

“हॅलो? अगं, बाळ रडतंय का तुझं? नंतर करू का फोन?”

“नको, बोला ना,” बहीण म्हणाली. “रडतंय ते. मावशीकडे आहे.”